भिंती नसलेली वेल

४ फेब्रुवारी, जळकोट

आज उमरीहून नातीकडे आले. ऋतुजाने गावाबाहेर जागा भाड्याने घेतलीय. पुढे विटांच्या दोन खोल्या, मागे पत्र्याच्या शेडात गुडघाभर पाण्याचे सहा हौद. त्यात ती समुद्रातलं शेवाळ वाढवते. जळकोटात समुद्र! मी पोट धरून हसले. ती म्हणाली, आजी, मीठ मोजून घालायचं की झाला समुद्र. या शेवाळाचा अर्क सोयाबीनवर फवारतात म्हणे. पोरगी लई शिकली, आणि शिकता शिकता वाळून काडी झाली. हिला माणसात आणल्याशिवाय मी काही उमरीला परत जात नाही. शेजारच्या देविदासकडे दुभती म्हैस आहे. पोचल्या पोचल्या दोन लिटरचा रतीब लावून टाकला.

७ फेब्रुवारी

शाळा मी बघितली नाही. लेकराच्या पाटीवर अक्षरं गिरवून वाचायला शिकले, तशीच आता हौदांवरच्या चिठ्ठ्या वाचून राहिले. समुद्री शेवाळाची तीन घराणी, तपकिरी, लाल आणि हिरवं. आपल्याकडचं सगळं हिरव्या घराण्यातलं. उल्वा म्हणून एक आहे, पालकाच्या पानासारखी, पण पापडाहून पातळ. दुसरीचा नुसता केसांचा गुंता. खरं मूळ एकीलाही नाही. धरून बसायला बुडाशी पकड असते तेवढीच. ऊन आणि पाणी सगळ्या अंगाने पितात. ऋतुजा सांगत होती, जमिनीवरचं गवत, झाडं, पिकं ही या हिरव्यांचीच भाऊबंद. मी म्हटलं, भाऊबंद म्हटलं की बांधाचं भांडण आलंच. दोघी हसून हसून बेजार.

१२ फेब्रुवारी

ऋतुजा कामाने लातूरला गेली. उल्वाच्या हौदात बघते तर एक वेल माजलेली. वाळूवरून हरळीसारखी धावलेली, वर पिसासारखी पानं. पिकात तण दिसल्यावर माझा हात थांबतोय होय? पदर खोचला, खुरपं घेतलं आणि जेवणवेळेपर्यंत हौद लख्ख केला. पाटीभर निघालं. हिरवं फेकायची आपल्यात रीत नाही. गोड्या पाण्यात धुतलं आणि देविदासच्या म्हशीपुढे टाकलं. मिटक्या मारत खाल्लं बाईने.

१३ फेब्रुवारी

ऋतुजाने कपाळाला हात लावला. आजी, तू खुरपलं नाहीस, पेरलंस, म्हणाली. ती वेल कॉलर्पा. जेवढे तुकडे तेवढ्या नव्या वेली. कापलं की जखम तिथल्या तिथे बुजते. सगळ्यात नवल पुढेच आहे. एवढी लांबलचक वेल, पण पेशी एकच! आपलं अंग म्हणजे लाखो खोल्यांचा वाडा, आणि हिच्यात एक भिंत नाही. केंद्रकं म्हणतात त्या चुली हजार, घर एक. या टोकाचा रस सरळ त्या टोकाला. मग तिने विचारलं, उपटलेलं कुठे टाकलंस? मी मान खाली घालून म्हटलं, उकिरड्यावर. जाळलंस ना? हाव म्हटलं. या वयात नातीची बोलणी कोण खाणार?

२० फेब्रुवारी

दूध खारट लागतंय. देविदासला विचारलं तर म्हणतो कसा, मावशी, हौदापाशी राहून तुमच्या जिभेलाच मीठ चढलंय. हसला, पण नजर चुकवून. स्वतः कोरा चहा पितो. पित्त आहे म्हणे. विकणाऱ्याने आपला माल तोंडात घालू नये, यातच काय ते आलं. आज दूध उजेडात धरलं तर हिरवट झाक दिसली. ऋतुजाला मात्र गोड लागतं, तांब्याभर पिते. अंगाने भरलीय, म्हणून रतीब तोडवत नाही.

२२ फेब्रुवारी

धार काढताना आज समोर जाऊन बसले. त्याने काही मिसळलं नाही. म्हणजे मी बघत असताना तरी नाही. बोटांना काही लावून येत असेल.

२६ फेब्रुवारी

ऋतुजा जेवत नाही. नुसतं दूध पिते आणि भर दुपारी अंगणात उभी राहते, तळहात वर करून, उन्हाकडे तोंड करून. बरं वाटतं म्हणते. देविदास कुंपणावरून बघत होता. काय बघून राहिला रे, म्हणून खेकसले. तो म्हणाला, मावशी, माझी म्हैसपण अशीच उन्हात उभी राहते, कडब्याला तोंड लावत नाही. साळसूद मेला. आपणच करायचं आणि वर गाऱ्हाणं सांगायचं.

१ मार्च

माझ्यासाठी भाजी चिरताना ऋतुजाचं बोट विळीवर गेलं. खोलवर. मी हळद घेऊन धावले. रक्त नाही. थेंबभरही नाही. जखमेच्या तोंडाशी हिरवा चिकट गोळा आला आणि बघता बघता जखम बुजली.

ती बोटाकडे बघत राहिली. मग माझ्याकडे. म्हणाली, आजी, ती वेल खरंच कुठे टाकलीस?

सांगितलं.

ती रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं.

२ मार्च

देविदासचा काही दोष नाही. वैरण माझी, रतीब माझा. सुरुवातीला ती नको म्हणायची तेव्हा तांब्या मीच तिच्या तोंडाला —

चहा मीही त्याच दुधाचा पिते. दोन्ही वेळा.

३ मार्च

गोधडीला टाका घालताना सुई टोचली. माझ्या बोटाला. पलीकडच्या खोलीतून ऋतुजा ओरडली, आई गं —

मुद्दाम पुन्हा टोचली. पुन्हा ओरडली.

आमच्या मध्ये भिंत आहे. विटांची. पक्की.

४ मार्च

देविदास जीप घेऊन आला. पोरीला लातूरला दवाखान्यात दाखवू म्हणतो. भला माणूस, आणि मी त्याला काय काय बोलले. पण तिथे सुई लावतील. तपासायला तुकडा काढतील. तुकडा — बाटलीत घालून आणखी कुठे पाठवतील —

नेलं नाही तर माझी पोर जाते. नेलं तर किती घरांतल्या पोरी —

उद्या बघू म्हणून त्याला लावून दिलं. आतून कडी घातली. नेणार नाही. देवा, मी हे लिहिलं. नेणार नाही.

५ मार्च, दुपार

देविदास दाराशी आहे. मावशी, उघडा, पोरीचा जीव जाईल, म्हणून हाका मारून राहिला. उघडायचं नाही. ऋतुजा पलीकडच्या खोलीत, मी पाय वर घेऊन बाजेवर बसलेय. वही मांडीवर, पेन हातात. मी उठलेले नाही. उठलेले नाही.

तरी तळपायाला फरशी गार लागतेय. एक पाऊल. दुसरं —

ऋतुजा, नको. बाळा, मागे —

हातात दाराची तापलेली कडी —