पिलांचे खडे

१२ मे

ती. स्व. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझ्या पायाचं प्लास्टर निघालं हे भाचीकडून कळलं, बरं वाटलं. इकडे मीही रिकामा बसलो नाही. तुझ्या कोंबड्यांच्या आवारातली ती उकरलेली माती बघवत नव्हती, म्हणून तीन आठवड्यांपूर्वी तिथे सिमेंटची फरशी करून टाकली. आता शोधूनही खडा सापडायचा नाही. भाऊ गवंडी असल्याचा तुला एवढा तरी उपयोग.

तुझ्या यादीप्रमाणे दाणा, पाणी, बागेतलं गवत, सगळं वेळेवर चालू आहे. फक्त सातवी ओळ गाळली. वाढत्या पिलांना दगड खायला घालणं माझ्याच्यानं व्हायचं नाही. औषधाच्या गुंगीत लिहिलं असशील.

वाईट बातमी म्हणजे सव्विसांतली सात पिलं गेली. काहीतरी साथ असावी. माझं ऐक, उरलेली देऊन टाकू आणि तू लेकीकडेच राहा. पिलं न्यायला एक माणूस तयार आहे.

माया आहे ती कमी करू नकोस.
तुझा धाकटा

१५ मे

चि. धाकट्यास,
अ. उ. आशीर्वाद. मोठी आहे म्हणून देते, मनातून आज एकही निघत नाही.

कोंबडीला दात असतात का रे? पोटातल्या जाड पिशवीत खडे असतात, त्यांच्यावर ती दाणा दळते, गवत दळते. खडे झिजतात, म्हणून पुन्हा द्यावे लागतात. मातीत पिलं ते स्वतः शोधून खातात. तू मातीवर सिमेंट ओतलंस, वरून लांब गवत घातलंस, आणि साथ म्हणतोस. जन्मभर खडीत उभा राहिलास आणि माझ्या पिलांना मूठभर खडी दिली नाहीस. वाचून माझ्या अंगाची लाही लाही झाली.

आजच्या आज गवत बंद कर. दाराशी पत्र्याचा डबा आहे, त्यात गव्हाच्या दाण्याएवढे कातळाचे खडे आहेत, ते उथळ थाळीत ठेव. चिमुकल्या पिलांची जाड रेती दुसऱ्या डब्यात आहे, ती आता यांना पुरायची नाही. आणि अक्कल चालवून पोत्यातला शिंपल्यांचा चुरा घालू नकोस. तो पोटात विरघळतो, दळायच्या कामाचा नाही. अंडी देणाऱ्यांना तो चुन्यासाठी लागतो, या वयात त्यानं मूत्रपिंडं जातात.

माझ्या घरात मी राहायचं की नाही हे तुला कोणी विचारलं? त्या माणसाला परत पाठव.

रागात असले तरी तुझीच,
ताई

१९ मे

ती. स्व. ताईस,
शि. सा. न.

आठवं पिलू गेलं. जनावरांच्या डॉक्टरांना बोलावून उघडून पाहिलं. पिशवीत गवताची घट्ट गाठ होती, खडा एकही नव्हता. त्यांनी तुझंच सगळं पुन्हा मला सुनावलं. खडे ठेवले आहेत. अठरा उरली आहेत, खात आहेत.

चूक माझी. पण तूही जरा ऐकून घे. मार्चमध्ये तू कोठीच्या शिडीवरून पडलीस आणि सकाळपासून दुपारपर्यंत तशीच फरशीवर होतीस. मला निरोप आला तेव्हा मी भिंतीवर चढलेलो होतो, खाली कसा उतरलो ते आठवत नाही. त्या दिवसापासून मला तुझ्या त्या घराचा राग आहे आणि तुझ्या हट्टाचा त्याहून जास्त. खरं सांगतो, पहिली दोन पिलं गेली तेव्हा मला वाईट वाटलं नाही. सगळीच गेली तर ही बया तिकडे एकटी परतणार नाही, असं मनात आलं. म्हणून डॉक्टरांना तेव्हा बोलावलं नाही. आता हवं तेवढं बोल.

तुझा धाकटा

२२ मे

चि. धाकट्यास,
अ. उ. आशीर्वाद.

पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा जास्त राग आला. चूक केलीस ती मी गिळली असती. सात पिलं मरताना तू बघत बसलास, हे गिळवत नाही. माझी काळजी होती तर मला भांडायचं होतंस.

आणि तुला एक माहीत नाही, मी सांगितलं नव्हतं कारण तू घाबरला असतास. त्या दिवशी मी हाका मारून थकले, आवाज कोठीबाहेर जाईना. सकाळचा दाणा मिळाला नव्हता म्हणून सव्वीसही पिलांनी ओरडून आळी डोक्यावर घेतली. शेजारची शिवणवाली मला ताकीद द्यायला तावातावानं आली, म्हणून मी सापडले. तुला निरोप तिनंच पाठवला. एरवी तू रविवारी आला असतास.

त्यातली आठ तू घालवलीस. मी शनिवारी माझ्या घरी येते आहे. त्याआधी फरशी फोडून माती मोकळी कर, आणि किल्ली शिवणवालीकडे देऊन जा. यापुढे आलास तर कडी वाजवून ये.

लोभ आहे, पण सध्या मागू नकोस.
ताई