सटवाजींच्या मोटारीचे स्टेरिंग

मु. पो. पिंगळी, जि. परभणी
दि. २७ मार्च १९७४

तीर्थस्वरूप तात्याराव दाजी यांस,

पंडितचा सप्रेम जयभीम. इकडे सगळे धडधाकट आहेत. तुमचा उजवा गुडघा, कुसुमअक्काचा खोकला आणि तुमच्या शेजाऱ्याचा रेडिओ या तिन्हींना उतार पडला असेल अशी आशा आहे. तुमची तीन कार्डे पोचली. पहिल्यात मोटारीच्या स्टेरिंगला हात लावू नकोस असे लिहिले होते, दुसऱ्यात आणि तिसऱ्यात तुमच्या टोपीची चौकशी होती. टोपीचे शेवटी लिहितो, कारण मोठ्या माणसाच्या वस्तूचा विषय घाईत उरकू नये. पहिल्या कार्डाचे म्हणाल, तर ते यायच्या आदल्या दिवशीच स्टेरिंग खाली उतरले होते. (तुम्ही एस.टी.च्या कारखान्यात वीस वर्षे फिटर आहात, तुमचा शब्द मी मोडला असता का? कार्ड दोन दिवस आधी टाकायला हवे होते.)

ही मोटार तुम्ही पाहिलेली नाही म्हणून सांगतो. दोन माणसांपुरती, वर छत नाही, आणि बसले की बूड जमिनीपासून वीतभर उंच. निजामाच्या अमदानीत थोरल्या देशमुखांनी ती हैदराबादेहून हौसेने आणली. विलायतेत ती शर्यतीत पळायची म्हणे. आमच्याकडे स्टेशन ते देशमुखांचे घर एवढाच तिचा मुलूख, तोही काळ्या मातीचा, त्यामुळे मृगापासून दसऱ्यापर्यंत ती रुतलेलीच असायची. रुतली की आमच्या वस्तीतली चार माणसे वेठीला धरायची, त्यात आमचे बाबा ठरलेले. आणि ढकलायची ती हाताने नव्हे, लांब लाकडी बल्लीने. हात लागला तर मोटार विटाळली असती. (बोटीतून येताना कोणकोणत्या खलाशांचे हात तिला लागले याची चौकशी देशमुखांनी केली नव्हती. मुंबईच्या धक्क्यापर्यंत ती साधी मोटार होती, सोवळे तिला आमच्या शिवेवर चढले.)

यंदा फेब्रुवारीत धाकटे देशमुख, म्हणजे दत्तराव, परभणीला राहायला गेले. जाताना गोठा रिकामा केला, त्यात ही निघाली. भंगारवाला एवढ्या आत यायला तयार नव्हता. बाबा तिथे उभे होते, ते म्हणाले मला द्या. दत्तरावांना सुटल्यासारखे झाले. आमच्याच बैलांनी ती ओढून आणली आणि तिच्या बैठकीवर अंडी घालणारी एक कोंबडीही सोबत आली. आमच्या मंडळींनी, म्हणजे छबूबाईंनी, विचारले की हे धूड घेऊन काय करायचे. बाबांनी उत्तर दिले ते जसेच्या तसे लिहितो:

"ढकलायचं काम आमचं, वळवायचं त्येंचं. एकडाव म्या वळवणार हाय."

तर दाजी, बाबांनी असे ठरवले आहे की चौदा एप्रिलला बाबासाहेबांची तसबीर दरसाल जशी बैलगाडीतून स्टेशनपासून वस्तीत येते, तशी यंदा ती मोटारीतून यावी. एका जागेवर तसबीर, दुसऱ्या जागेवर बाबा, स्टेरिंग बाबांच्या हातात. सत्तरीला टेकलेल्या माणसाने जन्मात माझ्याकडे मागितलेली ही पहिली गोष्ट. (चहात साखर जास्त टाक, हे मागणे धरत नाही.) आणि नेमके स्टेरिंगच बिघडलेले. हातातले चाक पाऊण वेढा फिरले तरी खालच्या चाकांना त्याची खबर नसायची, आणि वरचा दांडा नळीत असा खडखडायचा की ते ऐकून कोंबडी उडून जायची.

मी मोजणी खात्यातला माणूस. जी वस्तू मोजून नकाशावर उतरवली ती हरवत नाही असा आमच्या खात्याचा विश्वास आहे. मोटार चार दगडांवर चढवली, स्वतः तिच्याखाली उताणा पडलो, आणि एकही स्क्रू ढिला करण्याआधी सगळ्या स्टेरिंगचा नकाशा काढला. प्रत्येक भागाला गट नंबर दिला, चतुःसीमा लिहिल्या. (गट नंबर ४, पेटी: पूर्वेस चाकाचा दांडा, पश्चिमेस मोकळी जागा, दक्षिणेस पंडितचे नाक.) साहेबांनी पाहिला असता तर मला बढती दिली असती.

वरचे चाक काही केल्या निघेना. शेवटी मी आत बसलो, दोन्ही पाय समोरच्या फळीला लावले आणि जोर केला. चाक निघाले. ते हातात घेऊन मी मागच्या बाजूने छबूबाईंच्या कुरडयांच्या बाजेवर गेलो. त्यांनी मला लागले का ते विचारले नाही. त्या दिवसापासून कुरडया गच्चीवर वाळतात आणि घरात मोटारीचा उल्लेख "तुमची थोरली" असा होतो.

मग दांडा, नळी आणि खालची पेटी असे सगळे अंगणात पोत्यावर आले. पेटीत छर्रे होते. मोजले तर बारा, पाणी पिऊन येऊन मोजले तर अकरा. पोत्याजवळ मोटारीबरोबर आलेली ती कोंबडी तोंड पुसत उभी होती. दोन दिवस तिच्यामागे मी जो हिंडलो त्याचे वर्णन करत नाही, कारण अक्का हे पत्र वाचणार. तिसऱ्या दिवशी तिचा निकाल लावला. छर्रा काही सापडला नाही, रस्सा मात्र उत्तम झाला होता. सायकलच्या दुकानातून त्याच मापाचा एक आणून बसवला, आणि आठवड्याने माझा सदरा धुताना छबूबाईंना खिशात बारावा सापडला. तो त्यांनी माझ्या ताटात वाढला.

पेटीत वंगण म्हणून एरंडेल ओतले. राहिला वरचा भाग. तिथे दांडा नळीत डुगडुगू नये म्हणून नमद्याचे, म्हणजे दाबून घट्ट केलेल्या लोकरीचे, एक कडे असते, ते उंदरांनी खाल्ले होते. घोंगडीचा तुकडा घातला तर त्याची लोकर दांड्याला गुंडाळली गेली. पोत्याचा घातला, तो चार वेढ्यांत भुसा होऊन खाली पडला. तिथे दाट, मऊ, एकजीव असा नमदाच हवा, आणि तो परभणीच्या बाजारात मिळत नाही. सुदैवाने घरातच एक अव्वल दर्जाचा तुकडा निघाला. तेलात भिजवून बसवला तर दांडा असा गप्प झाला की विचारू नका. (खरोखरच विचारू नका.)

याच महिन्याच्या दहा तारखेला चाचणी घेतली. स्टेशनच्या रस्त्याकडून वस्तीकडे जो उतार आहे त्यावर बैलांनी मोटार नेली, बाबा धुतलेले धोतर नेसून आत बसले आणि आम्ही सोडून दिली. डाव्या हाताला वस्तीतल्या बायनाबाईंनी गोवऱ्यांचा हुडवा रचलेला आहे. बाबांनी तो पाहिला आणि चाक उजवीकडे फिरवले. मोटार डावीकडे वळली. बाबांनी आणखी उजवीकडे फिरवले, मोटारीनेही हुकूम समजून आणखी डावीकडे अंग टाकले. आम्ही पोचलो तेव्हा ती नाकापर्यंत हुडव्यात होती आणि बाबा मांडीवर गोवऱ्या घेऊन शांत बसले होते. म्हणाले, "नवं बैल बी पैल्या दिशी असंच करतंय." बायनाबाई जे म्हणाल्या ते लिहिण्याजोगे नाही, आणि त्यातले निम्मे त्या तुम्हालाही म्हणाल्या, कारण घरात एक फिटर जावई असून ही दशा असे त्यांचे म्हणणे पडले.

त्या दुपारी नकाशा घेऊन बसलो तेव्हा घोडचूक ध्यानात आली. नकाशा मी खाली उताणा पडून, वर बघत काढला होता. बसवताना मात्र वरून वाकून, खाली बघत बसवले. म्हणजे डावे ते उजवे झाले आणि पेटीच पालथी बसली. सोळा वर्षांच्या नोकरीत मी उभ्या तालुक्याच्या जमिनी मोजल्या, पण जमिनीखाली झोपून नकाशा काढायची वेळ आली नव्हती. बाबांना हे सांगताना मला मान वर करवेना. त्यांनी फक्त जयंतीला किती दिवस राहिले ते विचारले. दाजी, त्या एका प्रश्नाने मला जेवण गेले नाही.

सगळे पुन्हा खोलले, पेटी सुलटी केली, आणि परवाच्या रविवारी त्याच उतारावर बाबांनी मोटार हुडव्याच्या उजवीकडून सरळ खाली आणली. वरचे चाक जरा तिरके बसले आहे, पण ते बाबांनी बदलू दिले नाही. आता रोज उन्हे कलली की ते अंगणात उभ्या मोटारीत जाऊन बसतात आणि चाक इकडून तिकडे फिरवतात. पुढची चाके वळली का ते वाकून बघतात, मग पुन्हा फिरवतात. मी ओसरीवरून बघतो आणि माझे डोळे भरून येतात. हे अक्काला सांगा, तुम्ही हसाल.

बाकी सर्व क्षेम. अक्काला, पोरांना जयभीम.

तुमचा,
पंडित

ता. क. टोपीबद्दल. तुमच्या लग्नातली काळी फेल्टची टोपी, जी तुम्ही गेल्या उन्हाळ्यात आमच्या खुंटीवर विसरलात, ती खुशाल आहे. बाजूचा घेर तसाच आहे. वरचा गोल तेवढा मोटारीच्या नळीत आहे. घातली तर उन्हाळ्यात डोक्याला वारा लागेल.

ता. क. आणखी एक. तुम्ही फिटर, तेव्हा पहिल्या ओळीलाच विचाराल म्हणून हा विषय इतका वेळ काढला नाही. मोटारीला इंजिन नाही. ते थोरल्या देशमुखांनी काढून विहिरीवर पाणी ओढायला बसवले होते, तिथेच झिजून गेले. बाबांना हे पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे. त्यांना मोटार चालवायची नाही, वळवायची आहे.

ता. क. म्हणून खरे काम असे, की चौदा तारखेला स्टेशनपासून वस्तीपर्यंत ढकलायला माणसे हवीत. गुडघा असेल तसा घेऊन आदल्या दिवशी या. उतार सोडला तर वाट चढाची आहे, आणि जावई म्हणून तुम्हाला मधली जागा राखली आहे. दत्तराव काल परभणीहून आले होते. मोटार पाहिली, मग जयंतीला मीही ढकलायला येतो म्हणाले. बाबांनी चाकावरचा हात काढला नाही. एवढेच म्हणाले, "या की. पर बल्ली आणू नगा, हातानं लोटा."