लाल दोरीच्या दोन्ही बाजू

मंगळवार, गणेश चवथ होऊन आठवडा झाला

आज इब्रामपूरला सुमतीकाकीच्या शेतात गेले आणि डोक्याला हात लावून बसले. प्रयोगासाठी मीच शेताच्या मधोमध लाल दोरी बांधली होती. अलीकडच्या भाताला प्रयोगशाळेतल्या जिवाणूंचं पाणी द्यायचं, पलीकडच्याला काहीच नाही. फरक दिसला तरच माझा प्रबंध. आणि आज दोन्हीकडे सारखंच हिरवंगार!

"काकी, पलीकडे पण घातलंस?"

"मगे? एका पोराक वाढूचा नि दुसऱ्याक उपाशी ठेवूचा? ह्या खंयचा शास्त्र, बाय?"

वर्ष फुकट. रडवेली होऊन दोरी सोडायला वाकले, तर मेरेच्या, म्हणजे बांधाच्या, पलीकडच्या शेतातलं भात पिवळट दिसलं. बियाणं तेच, माती तीच, लावणीही त्याच आठवड्यातली. शेत काकीच्या दिराचं. दोघांचं कित्येक वर्षं बोलणं नाही.

"तेच्या वाट्याक एक थेंब नाय!" काकी फणकारली.

मी लाल दोरी उचलली आणि गुपचूप मेरेवर बांधली.

येताना बसमधूनच हात जोडले. हे पाप आहे का? असेल. पण देवा रवळनाथा, कापणी होईपर्यंत या दोघांचं जुळू देऊ नकोस.