दोरी उलटी ओढते

मंगळवार, ४ मार्च

परवा चष्मा विसरलीस, काल पेन. आज दोन्ही आणलंस, तर कुठवर आलो होतो तेच विसरलीस. धन्य आहेस. मला अक्षर येत नाही म्हणून डबेवालीच्या हातून रोजनिशी, तर ती ही अशी. असो. मी सांगते तस्संच लिही, पदरचं घालू नकोस.

सकाळी लाइट गेली. यांचं श्वासाचं यंत्र बंद. यांना लहान सिलिंडर लावला आणि अंगणात जाऊन जनरेटरची दोरी ओढली. तर दोरीनेच मला ओढलं! मनगट टम्म. बऱ्याच झटापटीनंतर सुरू झाला एकदाचा.

बुधवार, ५ मार्च

लेकीचा फोन. "आई, तुझ्याने तो सुरू होत नसेल तर बाबांना वृद्धाश्रमात ठेवू. तिथे लाइट जात नाही." एकच खाट रिकामी आहे म्हणे. म्हणजे हे तिकडे, मी इकडे.

मी म्हटलं, माझ्या मनगटाला काही झालेलं नाही. तिने मनगटाचं विचारलंच नव्हतं.

गुरुवार, ६ मार्च

पेट्रोल शिळं असेल म्हणून बदललं. प्लग पुसला. तरी झटका आहेच. हळू ओढली तर आणखी जोरात. थेट माझ्या सासूबाईंचा स्वभाव — नमतं घेतलं की जास्त चढायच्या.

हे ऐकून हसतील वाटलं. हे आपले छताकडे बघत पडून राहिले. बोललं की धाप लागते, म्हणून बोलतच नाहीत हल्ली. घरात माणसं दोन, आणि बोलायला डबेवाली.

शनिवार, ८ मार्च

मिस्त्री आला. झाकण काढून विचारतो, "आजी, हे आधी कुणी खोललं होतं?"

जावयाने. मागे दोरी तुटली तेव्हा. आतल्या जड चाकाचा नट त्याने हातानेच आवळला, पाना लावलाच नाही. चाक सरकलं, त्याची इवलीशी खीळ अर्धी कापली गेली. त्यामुळे दट्ट्या वर पोचायच्या आतच ठिणगी पडते आणि इंजिन उलटं फिरतं. जावईबापूंचं काम म्हणजे मुहूर्ताला हजर, शेवटाला गायब.

नवी खीळ बसवली, नट पान्याने आवळला. मग मला शिकवलं. "जड लागेपर्यंत हळूच ओढायची. मग दोरी आत जाऊ द्यायची. मग एका दमात. बिचकलात की हात ढिला पडतो आजी, आणि तेव्हाच तो मारतो."

"मी कशाला बिचकते?" मी म्हटलं.

रविवार, ९ मार्च

लाइट गेली. एका ओढीत सुरू! लेकीला कळवलं. "बरं," म्हणाली.

मंगळवार, ११ मार्च

सकाळी गाडी येऊन यांना आश्रमात घेऊन गेली. मला तिकडे ने, असं लेकीला यांनीच फोनवर सांगितलं होतं, काल मी अंगणात जनरेटर चालू करत असताना.

मी भांडले. म्हटलं, आता झटका बसत नाही.

"नाही बसत," नळी सावरत म्हणाले. "पण दोरी ओढताना तू डोळे घट्ट मिटतेस. खिडकीतून दिसतं मला."

किती दिवसांनी एवढं बोलले.

लिहिलंस? मग ऐक. उद्यापासून डबा एकीचाच आण. आणि मीठ घाल आता. पथ्यवाला गेला.