शिंगाची मूठ

२ ऑक्टोबर १९९१, पेणकरपाडा
आलो एकदाचे! दोन खोल्या, स्वतःचा संडास, नळाला पाणी नाही पण रोज टँकर येतो म्हणे. उर्मिला म्हणाली, परळच्या खोलीत हात पसरायची सोय नव्हती. तसे पसरून दाखवायला गेली आणि पहिल्याच दिवशी तेलाचा डबा पाडला. बाबांची खाट खिडकीशी लावली. अर्धांगाचा झटका येऊन वर्ष झालं. उजवं अंग गेलं, वाचा गेली, डोळे मात्र घरभर फिरत होते. हे घर तुळसाबाईंचं. त्यांचे यजमान राघो काशीमीऱ्याला न्हाव्याचं दुकान चालवायचे. ते वारले तशा बाई गावी गेल्या. माझं नवं वर्कशॉपही काशीमीऱ्यालाच, दुपारपाळी. म्हणजे सकाळी बाबांचं सगळं मीच करणार.

५ ऑक्टोबर
माळ्यावर खजिना सापडला. एका टोकाला तेलकट फडक्यात वस्तऱ्याचं पातं, आणि पार दुसऱ्या टोकाला जुन्या पिठाच्या डब्यात मुठीच्या दोन पट्ट्या. शिंगाच्या, वाळून पापड झालेल्या, भोकापाशी केसाएवढी भेग. दोन्ही जोडणारी पिन कुठेच नाही. न्हाव्याने हत्याराची ही हेळसांड करावी? बावीस वर्षं टूलरूममध्ये घासलीत या गुणवंतरावांनी, हा वस्तरा उभा केल्याशिवाय सोडत नाही मी! बाबांनी जन्मभर वस्तऱ्यानेच दाढी करून घेतली. पातं दाखवलं तर डाव्या हाताने स्वतःचा गाल चाचपला. वर्षभरात पहिल्यांदा त्यांनी काहीतरी मागितलं. मला रडूच आलं.

११ ऑक्टोबर
पट्ट्या खोबरेल तेलात मुरतायत. उर्मिला विचारते, लोणचं कधी तयार होणार? घाई केली की शिंग तडकतं, तिला काय माहीत. आतल्या अंगाला वाळलेला साबण आणि दाढीचे पांढरे खुंट चिकटले होते, ते खरवडून काढले. पात्याचा गंज रॉकेलने गेला. आता धारेला दगड, मग चामड्याचा पट्टा.

खंडेनवमी
काल पितळी तारेची पिन घालून हलक्या हाताने ठोकली. भेग तसूभरही वाढली नाही. आज सकाळी सगळी हत्यारं मांडून पुजली. पाना, कानशी, मधोमध वस्तरा. पुजलेल्या हत्याराला आज हात लावायचा नसतो, हे काय मला कोणी शिकवायला हवं? पण उद्या मंडळी सोनं द्यायला येणार, बाबा गबाळे दिसले असते. कुंकू पुसलं आणि त्यांना बसवलं. डावा गाल झाला तोच खाली टँकर वाजला. वस्तरा खिडकीत ठेवला, दाराला कुलूप घातलं, दोघंही हंडे घेऊन धावलो.
परत आलो तर उजवा गालही झालेला. तुरटी फिरवलेली. वस्तरा मिटून, पुसून ठेवलेला.

दसरा
उठलो तर बाबांची दाढी पुन्हा ताजी. उर्मिलेला वाटलं मी केली, मला वाटलं तिने. कानाखाली बारीक काप आहे. बाबा वस्तऱ्याकडे बघत नाहीत, डाव्या मुठीत चादर गच्च. पट्ट्यांच्या आत ओला साबण आणि पांढरे खुंट. दुपारी वस्तरा कपाटात कुलूपबंद केला.

१९ ऑक्टोबर
काप जबड्याखाली सरकलाय. कपाटाचं कुलूप तसंच.
पाली गावची कोळीण अंबिका मासळी घेऊन आली, राघोच्या वेळेपासून या घरी येते. मी वस्तरा दाखवला आणि तिला पाटी उचलायचीही शुद्ध राहिली नाही, मागे मागे गेली. म्हणाली, "तो मोडला न्हाय, भाऊ. राघोनी मोडून ठेवलेला हाय."
म्हाताऱ्या बापाने हट्ट धरला म्हणून राघोने खंडेनवमीला त्याची दाढी केली होती. याच वस्तऱ्याने. हात घसरला. बाप खुर्चीतच गेला, दाढी अर्धी राहिली. तेव्हापासून राघोचा हात स्वस्थ बसेना, कोणी म्हातारा दिसला की थरथरायचा. शेवटी त्याने पिन काढली आणि मूठ लांब ठेवली. मूठ नसली की हाताला धरायला काही नाही.
मूठ मी दिली.

२० ऑक्टोबर
मीच ठोकलेली पिन मला निघेना. ड्रिल तुटलं. हातोडी घातली, फरशी फुटली, शिंगाला ओरखडा नाही. भेगही— भेग सांधलीय.
काप गळ्याच्या घाटीपासून बोटभर.
बाबा माझ्याकडे बघतात. मला माफ करा, बाबा. तुम्हाला एक सुख द्यायचं होतं.

२१, सकाळ
आज दोन काप. उर्मिला त्यांना रिक्षाने डॉक्टरकडे घेऊन गेली. तासाभरात येतील. त्याच्या आत—
राघोची एक दाढी राहिलीय, बाबांची रोज करतो तरी ती पुरी होत नाही. ती पुरी झाली तर सुटेल, आम्हीही सुटू. बापाची मान नको, मुलाची घे.
बाबांच्या खाटेवर बसलोय. तोंडाला साबण लावला. वस्तरा कपाटात—
नाही. खिडकीत आहे. उघडा.
हनुवटीखाली बोटं. गार. वर उचलतायत— वही नीट दिसत नाही—
डावा गाल झाला. छान करतोय. उजवा—
हात थरथरतोय त्याचा.
हळू, राघो. घाई केली की