नानांची परवानगी

३ फेब्रु.
अम्मा बाथरूममध्ये घसरली. हाका मारत होती. नाना बाहेरच्या खोलीत पेपर वाचत बसलेले, त्यांना पत्ताच नाही. मी ऑफिसातून आले तेव्हा ती अजून फरशीवर. नशीब, पाय मुरगळण्यावर भागलं.
नाना म्हणे, "ती लई हळू बोलते."
बापाचा जन्म गेला एमआयडीसीत यंत्रमागांच्या खडखडाटात, आणि दोष अम्माच्या आवाजाला! कानाच्या यंत्राचं नाव काढलं की ताटावरून उठतात.

७ फेब्रु.
अँड्रॉइड ॲप बनवायचा क्लास लावला. अम्माने तिच्या फोनवर बटण दाबलं की नानांचा फोन थरथरेल, टॉर्च लुकलुकेल. एवढंच ॲप. पहिल्याच दिवशी सर म्हणाले, "मॅडम, कुठलं ॲप चालू ठेवायचं, कुठलं बंद करायचं, ते सिस्टीम ठरवते."
मग मी काय ठरवायचं?

१५ फेब्रु.
चाललं! अम्मा लहान मुलीसारखी बटण दाबत बसली. तासाभराने नानांच्या खिशात फोन असताना दाबलं, तर ढिम्म. बॅटरी वाचवायला सिस्टीमने ॲप झोपवलं. वा! बॅटरी वाचली, अम्मा पडली तर पडू दे.
सर: "पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की."
डोकं फिरलंय.

२१ फेब्रु.
सरांनी मार्ग दाखवला. निरोप तातडीचा म्हणून पाठवला की सिस्टीम झोपलेल्या ॲपलाही उठवते. उठवलं एकदाचं. आता नवीनच भानगड. नोटिफिकेशनला परवानगी हवी, ती ज्याचा फोन त्याची. नानांपुढे स्क्रीन धरली.
"कशाला हे?"
मी काही बोलायच्या आत अम्मा त्यांच्या कानाशी ओरडली, "तुम्हाला ऐकू येत नाही म्हणून की!" शेजारच्यांनीही ऐकलं असेल.
"वद्दु! नको मला! मी काय बहिरा हाय?" 'परवानगी देऊ नका'वर बोट. संपलं.

२२ फेब्रु.
सरांना विचारलं, परवानगीशिवाय नाही जमणार? नाही म्हणाले.
नाना अंघोळीला गेलेले, फोन कॉटवर. पिन मला माहीत आहे. सेटिंगपर्यंत गेलेसुद्धा. ठेवून दिला. स्वतःचाच राग आला.

२८ फेब्रु.
जेवताना अम्मा पाठमोरी, तव्यावरची भाकरी उलटत काहीतरी म्हणाली. नाना एकदम वैतागले.
"इकडं तोंड करून बोल की. ओठ दिसत न्हाईत."
मग अम्मा वळली, हळूच म्हणाली, "कधीपासून ओठ बघताय?"
नाना बघत होते तिच्याकडेच. म्हणजे ओठांवरून कळलंच असणार.
नाना भाकरी मोडत बसले. मीही फोनचं काही काढलं नाही.