काजलचा ढावलो

२१ एप्रिल, मंगळवार

आज परत लावला. सोयाबीनचे भाव झाले, मग कोण्या बचत गटाच्या बाईनं ज्वारीच्या पापडाचं सांगितलं, मग ती रेडिओवाली वैशाली हसत हसत म्हणते, ज्यांच्या घरी लग्नाची धामधूम आहे त्यांच्यासाठी एक गोड लग्नगीत. गोड म्हणे. माह्या काजलचं रडणं आहे ते. मागच्या पोळ्याच्या आधी मेली पोरगी, आणि हे लोकं तिले दर हप्त्यात रडवतात, वरून नवरा-नवरीले शुभेच्छा देतात.

उत्तमच्या किराणा दुकानात रेडिओ, आवाज साऱ्या तांड्यात. मी चुलीपाशी होती. भाकर तव्यावर जळाली. काजलचा बाप तिथंच, दुकानाच्या ओट्यावर बसून. उठला नाही. माणूस आहे का दगड.

२२ एप्रिल

झोप नाही. दवाखान्यातली डॉक्टरीनबाई म्हणाली होती, झोप येत नसन तर मनातलं लिहीत जा. चौथी शिकलेल्या बाईले सांगते. लिहून राह्यली. काही फरक नाही.

त्या वैशालीले कोणी सांगितलंच नसन ढावलो काय असते ते. आमच्या बंजाऱ्यात लगन लागलं की नवरी एकेकाच्या गळ्यात पडून रडते. चालीत रडते. बापासाठी येगळं, मायसाठी येगळं, मैतरणींसाठी येगळं. म्हाताऱ्या आधी कितीतरी सांजा बसवून शिकवतात. ढोलक नाही, टाळ्या नाही. पोरगी तांड्याबाहेर गेली की संपला ढावलो, मग उगंच कोणी तोंडातून काढत नाही. आणि हे पापडाच्या मागून लावतात.

काजल मेली तवा बायांनी याच चालीत

जाऊ दे.

२५ एप्रिल

उत्तमले म्हटलं, सांजचा तो कार्यक्रम बंद ठेवत जा. तर म्हणे, "काकी, लोकं भाव ऐकाले येतात. आन काका रोज बसतात, त्यायले इचारा ना." यांले काय इचारू. काजल गेल्यापासून यांचं बोलणं म्हणजे पाणी दे, चाय ठेव, बैलाले पाजलं का. तिचं नाव एकदा घेतलं नाही. फोटो मीच लावला भिंतीवर. त्याच्याखालून जातात तर मान खाली घालून जातात.

देवकीकाकीकडे गेली. काजलले ढावलो तिनंच शिकवला. मले वाटलं, ती तरी माह्या बाजूनं बोलन. म्हातारी म्हणते, "अवं, तेवढ्यापुरती जित्ती आहे ना पोरगी. राहू दे." उठून आली. बसली असती तर भांडण झालं असतं.

मंगळवारी दारव्ह्याले जाते, त्या रेडिओच्या ऑफिसात. कोण आहे ती वैशाली, पाहतेच.

२८ एप्रिल, मंगळवार

गेली. जीपमध्ये दाबून बसवलं, मांडीवर दुसऱ्याचं लेकरू. उन्हानं डोकं उठलं.

रेडिओ म्हणजे मले वाटलं मोठी बिल्डिंग असन. एका संस्थेच्या माडीवर दोन खोल्या. भिंतीले गाद्या ठोकल्या, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून. चपला बाहेर काढा म्हणे. आणि वैशाली म्हणजे एवढीशी पोरगी, काजलएवढीच. आवाजावरून मोठी बाई वाटते.

तिले वाटलं मी मुलाखतीले आली. म्हणाली, "बसा मावशी. कोणत्या विषयावर बोलायचंय?"

मी म्हटलं, "विषय माही पोरगी."

सांगितलं सगळं.  तिले माहीत नव्हतं. लग्नाच्या आधी तांड्यावर आवाज भरायची मशीन घेऊन आली ती हीच. काजलनं ओटीतली बोरं दिली, माहा आवाज बरा येते का म्हणून दोनदा इचारलं, असं सांगत होती. मग कशानं गेली इचारलं. मी म्हटलं कावीळ. तर रडाले लागली. मी नाही रडली. परतीची जीप होती.

माफी मागितली. म्हणाली, "यापुढे नाही लावणार." मी म्हटलं नाही लावणार ते जमत नाही, काढूनच टाक. माह्या डोळ्यासमोर.

"मावशी, एकदा घरी विचारून या. काढलं की परत येणार नाही."

"घरी मीच आहे. काढ."

काढलं. पडद्यावर एक ओळ होती, ती गेली. खालच्या ओळी वर सरकल्या.

जिन्यावर मागून आली. म्हणे, एकजण नेहमी फोन करून तेच मागतात, त्यांना काय सांगू. मी म्हटलं, "सांग, मेली."

२९ एप्रिल

दुपारी झोप लागली. किती दिवसानं. सांजच्याले रेडिओवर एका शिवणवालीची मुलाखत, मग दुसरंच गाणं. बरं वाटलं. खोटं कायले लिहू, बरं वाटलं.

४ मे, सोमवार

कपाशीच्या पराट्या उपटणं अजून बाकी आहे, हे वावरात जात नाहीत. सांज झाली की मात्र ओट्यावर हजर. आज भाव झाले, मुलाखत झाली, लग्नाच्या शुभेच्छा झाल्या, गाणं लागलं डी.जे.वालं. हे बसूनच. उत्तमनं दुकान लावून घेतलं तरी बसून. आणाले गेली तर म्हणे, पोट दुखते. जेवले नाहीत.

७ मे

आजही अर्धी भाकर ताटातच. दवाखान्यात चला म्हटलं तर आयकत नाहीत. माह्या हातचं कडू झालं का म्हटलं.  भिंतीशी बोलावं तर भिंत बरी.

९ मे, शनिवार

दुकानातून तेल आणाले गेली होती. पाचसात माणसं ओट्यावर, हे बी. कार्यक्रम सुरू. मधातच वैशाली म्हणाली, तांड्यावरून नेहमी फोन करणारे आपले एक काका आहेत, त्यांनी परवाही विचारलं. काका, माफ करा, तो ढावलो आता आम्हाला लावता येणार नाही, घरच्यांची तशी इच्छा आहे.

साऱ्यायनं यांच्याकडे पाहिलं. मग माह्याकडे.

हे उठले आणि चालाले लागले. चप्पल तिथंच राह्यली. उत्तम तेलाची पुडी माह्या हातात देत म्हणे, "काकी, नंबर मीच लावून देतो त्यायले. त्यायले बटनं समजत नाही. मले वाटलं तुमाले माहीत आहे."

१० मे

भांडली. लिहिते जसं झालं तसं.

हे दारात बसून दोर वळत होते. मी म्हटलं, पोरीचं रडणं फोन करकरून मागता, घरात तिचं नाव घेत नाही. गावाले तमाशा पाहाले देता. आणखी पुष्कळ बोलली, ते लिहीत नाही. हे दोर वळतच. मले आणखी राग आला. मी म्हटलं मीच गेलती दारव्ह्याले, मीच काढाले लावला, माह्या समोर काढला.

तवा हात थांबला.

खालीच पाहून म्हणाले, "तुले रडणं ऐकू येते. मले नाही येत. त्याच्यात ती घडीघडी बापू म्हणते."

मग दोर बाजूले ठेवला आणि म्हणाले, "आता मले बापू कोण म्हणते?"

एकच लेकरू होतं आमचं.

मी बकरीले पाला टाकाले मागं गेली. टाकला होता आधीच. तरी टाकला.

११ मे, सोमवार

वैशालीले फोन लावला. परत टाक म्हटलं. ती म्हणे, "मावशी, मी तेव्हाच म्हटलं होतं." मी म्हटलं, म्हटलं होतं ते मले माहीत आहे, आता काय होते ते सांग.

तिनं सांगितलं ते असं. रेडिओवर लागायचा तो तुकडा होता, बापाचा तेवढाच. पुरं रेकॉर्डिंग मोठं होतं. मशीन तवा एक प्रशांत म्हणून पोरगा पाहायचा, तो नोकरी सोडून नागपूरले गेला. त्याच्याजवळ असन तर असन. नाही तर मशीनमधलं कार्ड पुसून त्याच्यावर दुसरं काही भरलं असन, ते लोकं तसंच करतात, एकच कार्ड पुन्हा पुन्हा.

मी म्हटलं, पुरं म्हणजे काय काय होतं.

म्हणे, "तुमच्यासाठीचाही होता ना. आईचा. तो मीच कापला मावशी. ती फार रडत होती त्यात, शब्द कळत नव्हते. रेडिओवर तसं चालत नाही."

फोन ठेवला.

मशीन आली त्या सांजी मी शेजारच्या घरी होती. शिकवाले आलेल्या बायांची भाकर करत होती.

१२ मे

लग्नाच्या दिवशीचंच आठवून राह्यली. काजल माह्या गळ्यात पडली होती. पण वऱ्हाडाले घाई, त्यायच्या पोरांनी डी.जे. लावला, जमीन हालत होती. एक शब्द कानात आला नाही. ती थरथर करून राह्यली होती माह्या खांद्यावर, एवढंच माहीत आहे. मी तिच्या पाठीवर हात फिरवला आणि म्हटलं, जा बाई, उशीर होते.

काय म्हणाली असन.

१४ मे

देवकीकाकीले इचारलं, माह्यासाठी तिले काय शिकवलं होतं. म्हातारीनं दोन ओळी सांगितल्या, साऱ्याच पोरी म्हणतात त्या. मग म्हणे, "शिकवतो आमी तेवढंच नसते म्हणत कोणी. पोरगी आपल्या मनचं टाकते त्याच्यात." काय टाकलं ते आठवते का म्हटलं. आता कान गेले बाई, तवाही जातच होते, म्हणे.

म्हणजे ध्यानात कोणाच्याच नाही. ती मशीन एक.

१८ मे, सोमवार

धोंड्याचा महिना लागला. लग्नं बंद. आता घरोघरी लेकी-जावई येऊन राह्यले. शेजारी पुरणाचे धोंडे, जावयाले कपडे. आम्हाले बोलावलं. मी गेली नाही, हे बी गेले नाही. ताट घरी पाठवलं, तसंच झाकून आहे.

वैशालीले तीनदा फोन. एकदा उचलला. "प्रशांतदादांना मेसेज टाकलाय मावशी, बघते." बघते म्हणजे काय. मले कोणी भाकर मागितली तर मी बघते म्हणते का.

१९ मे

यांले सांगून टाकलं. रेडिओवर होता तो तुकडाच होता, पुरा असन कोणाजवळ तर नागपूरले एकाजवळ असन, इचारपूस चालू आहे.

हे म्हणाले, "पुरा?"

मी म्हटलं, पुरा. माह्यावालाही आहे म्हणे त्याच्यात.

यांनी माह्याकडे पाहिलं. किती महिन्यानं पाहिलं सरळ. मग म्हणाले, "भाकर दे." दीड भाकर खाल्ली. ठेच्यासंगं. हात धुतला आणि फोटोखाली उभे राह्यले थोडे.

आता नसन तर? सांगाले नव्हतं पाहिजे. सापडल्यावर सांगायचं होतं. माहं तोंड थांबत नाही, ते कधी थांबलं.

२० मे

सकाळी उठल्या उठल्या म्हणतात, आला का फोन. दुपारी, आला का. वावरात गेले, पराट्या उपटाले लागले, तिथूनही एका पोरासंगं निरोप, आला का इचार.

फोन माह्या कमरेले. वाजला एकदा. कंपनीवाली बाई, रिचार्ज करा म्हणे.

२१ मे, गुरुवार

आज वैशालीनं उचलला. तेच. बघते मावशी, दादांचं उत्तर नाही आलं, ऑफिसमधल्या कपाटातली कार्डं पण बघायचीत, वेळ मिळाला की. मी ओरडणार होती. ओरडली नाही. तिचा आवाज पडला होता, तीही पोरगीच आहे. पण पोरगी असली म्हणून किती थांबू.

फोन ठेवून मग व्हॉट्सअपवर बोलून पाठवलं. बोलली ते इथं उतरून ठेवते, नंतर तिनं नाही म्हणू नये.

वैशाली, काजलची माय बोलते. मी तुझ्यावर रागावली नाही. काढ मीच म्हटलं होतं. पण कपाट उघडाले वेळ काय लागते. ते कार्ड पाह्य. नागपूरवाल्याले मेसेज नको टाकू, फोन कर, उचलत नसन तर त्याच्या घरी कर. सापडला तर रेडिओवर लाव, मीच सांगते लाव. बापाचाही आणि माह्यावालाही, शब्द समजो न समजो, कापू नको. शुभेच्छा देऊ नको. काजल म्हणून नाव घे आणि ती आता नाही म्हणून सांग. नसन सापडत तर पुसला म्हण. ते बी चालते, मी काजलच्या बापाले सांगीन. पण बघते म्हणू नको. मी घरी सोमवारपर्यंत कळन म्हणून सांगितलं आहे. सोमवारी भाव सुरू व्हायच्या आधी मले फोन आला पाहिजे, आहे का नाही.